सिस्टरच्या उघड्या हातांवरचा आरोप

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे आहेत: हातमोजे न घालणाऱ्या सिस्टरला रुग्णाला हात लावू देऊ नका, सॅनिटायझर चोळणे ही हात धुण्याची टाळाटाळ आहे, आणि दवाखान्यातील संसर्ग सिस्टरांच्या आळसामुळेच पसरतो.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. नाडी पाहण्यासाठी किंवा रक्तदाब मोजण्यासाठी एरवी हातमोजे लागत नाहीत; रक्त, जखम, लघवी वा अन्य शरीरद्रवांशी संबंध येणार असेल तेव्हा ते लागतात आणि काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात. गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात आतेच्या उशाशी बसलो असताना एका सिस्टरने शेजारच्या खाटेवरील रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली आणि त्याच हातमोज्यांनी आतेच्या सलाईनचा वेग कमी केला. ‘किती टापटीप आहे बघा,’ असे आमच्यातलेच कोणीतरी म्हणाले. संध्याकाळच्या पाळीतील सिस्टरने खाटेच्या पायथ्याची बाटली दाबून हात नीट चोळले आणि उघड्या हाताने नाडी धरली, तेव्हा मात्र कुरकुर झाली.

सॅनिटायझरबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील, तर अल्कोहोलयुक्त द्रावणालाच प्राधान्य द्यावे. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात, साबण-पाण्याला ४० ते ६० लागतात. हात मळलेले असतील किंवा बीजाणू (जंतूंचे कठीण कवचातले टिकाऊ रूप) तयार करणाऱ्या जंतूंमुळे रुग्णाला जुलाब होत असतील, तर मात्र साबण-पाणीच हवे. संदेशात तथ्य आहे ते एवढेच.

आळसाचा आरोप करण्याआधी साधा हिशेब मांडावा. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना एकदाच हात चोळले, तरी ३० खाटांच्या एका फेरीत १० ते १५ मिनिटे त्यातच जातात, आणि रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. काही सिस्टर हयगय करतात, हेही खरे. आतेच्या सलाईनला लागलेले हातमोजे मी विसरलेलो नाही. पण त्या वॉर्डात हात स्वच्छ करण्याची सूचना कन्नड आणि इंग्रजीत लावलेली होती, खानापूरकडून आलेली आमची माणसे खाटेवर बसून आतेला भरवत होती, आणि पायथ्याची ती बाटली तीन दिवसांत आमच्यापैकी एकानेही दाबली नाही, मीसुद्धा नाही.