‘अख्खं लेक्चर फुलीच्या बटणावर’ : रिव्ह्यूला क्लासचं उत्तर

नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचला. म्हणणं थोडक्यात असं : पायथनच्या बॅचमध्ये एक अख्खं लेक्चर विंडो बंद करण्यावर खर्ची पडलं, चालत्या प्रोजेक्टवर आम्ही ‘अपूर्ण’ शेरा मारला, थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये बाजूला समांतर चालणाऱ्या कामाला) ‘डिमन ट्रू’ (मुख्य काम संपलं की त्यालाही तोडणारी सेटिंग) केलं की एका ओळीत भागतं हे यूट्यूबवर फुकट कळतं, सबब अर्धी फी परत द्या. पार्किंगचाही उल्लेख आहे, तो सोसायटीचा विषय. बाकीच्याचं उत्तर इथेच देतो, कारण पुढच्या बॅचला येणारेही हे वाचतात.

विषय तुम्हीच निवडला होता : छोट्या भट्टीचं तापमान. थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), त्याचं रीडिंग आकड्यात आणणारं मॅक्स 6675 चं मॉड्यूल, अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, यूएसबीवरून सेकंदाला एक रीडिंग, टीकिंटरच्या (पायथनची विंडो बनवायची लायब्ररी) विंडोत आकडा, सीएसव्ही फाइलीत नोंद, आणि तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की हीटरचा रिले (बोर्डच्या हुकमावर चालणारा स्विच) चालू. डेमो झकास झाला. मग मी फुली दाबली.

विंडो गेली, पण टास्क मॅनेजरमध्ये पायथन तसाच बसून होता. प्रोग्रॅम पुन्हा उघडला तर कॉम पोर्ट (ज्यातून संगणक बोर्डशी बोलतो तो) म्हणतो ‘ॲक्सेस डिनाइड’, कारण पहिल्याने तो सोडलाच नव्हता. फुलीने टीकिंटरचा मेनलूप (विंडो चालवणारा मुख्य लूप) संपतो. तुमचा रीडिंग घेणारा ‘व्हाइल ट्रू’ हा न संपणारा लूप वेगळ्या थ्रेडमध्ये होता, त्याला कोणी काही सांगितलंच नाही, आणि साधा थ्रेड जिवंत असेपर्यंत पायथन बाहेर पडत नाही. शेवटी ‘सिस डॉट एक्झिट’ लिहूनही नाही. ते मुख्य थ्रेड संपवतं आणि बाकीच्यांची वाट बघत राहतं.

यावर तुम्ही तिथल्या तिथे डिमन ट्रू केलं. प्रोसेस गेली, हे खरं. पण सीएसव्ही उघडून बघितली होती ना आपण? शेवटची काही मिनिटं गायब. पायथन प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर टाकत नाही, आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवतो. बफर 8192 बाइटचा धरला आणि ओळ पंचवीसेक अक्षरांची, तर सेकंदाला एक या हिशेबाने पाचेक मिनिटांच्या नोंदी हवेत राहतात. डिमन थ्रेड जिथे असेल तिथे तोडला जातो, उघड्या फाइली आणि डेटाबेसचे अर्धवट व्यवहार नीट मिटतीलच असं नाही, असा इशारा पायथनच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे.

फाइलचं एक वेळ सोडा. रिलेचा दिवा चालूच होता! अर्डुइनोची पिन शेवटच्या हुकमावर तशीच राहते; समोरचा प्रोग्रॅम मेला हे तिला कळायचं कारणच नाही. म्हणजे शटर ओढून घरी गेलो आणि आत शेगडी पेटलेली. शेरा या दिव्यासाठी होता, विंडोसाठी नाही.

त्या लेक्चरमध्ये जे केलं ते पुन्हा सांगतो. फुली दाबल्यावर काय व्हावं हे ‘डब्ल्यूएम डिलीट विंडो’ या फुलीच्या सूचनेला आपलं फंक्शन जोडून ठरवायचं (हे नाव युनिक्सच्या एक्स विंडोकडून आलेलं, पण टीकिंटरमध्ये विंडोजवरही तेच चालतं). त्या फंक्शनने विंडो लगेच मोडायची नाही. आधी थ्रेडिंगचा इव्हेंट (थ्रेडला ‘थांब’ सांगणारा झेंडा) ‘सेट’ करायचा, बटणं बंद करायची आणि ‘थांबवत आहे’ असं दाखवायचं. लूपमध्ये ‘स्लीप’च्या जागी त्याच इव्हेंटवर ‘वेट’. स्लीप अर्ध्यात उठत नाही, वेट सेट होताच उठतो. पायसीरियलला (पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीला) टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, द्यायचाच. न दिल्यास तो मुळात अनंत असतो, आणि अर्डुइनो गप्प झाला तर लूप त्या एका ओळीवर अडकून इव्हेंट तपासायला येतच नाही. आणि लूपभोवती ट्राय-फायनली (लूप कसाही संपला तरी शेवटी चालणारा भाग) : रिले बंदचा हुकूम, मग फाइल बंद, मग पोर्ट बंद. या क्रमाने.

आता खरी खोच. बंद करणाऱ्या फंक्शनमध्येच ‘जॉइन’ लावून थ्रेडची वाट बघायचा मोह होतो. तुमचा थ्रेड लेबलवर आकडा थेट लिहीत होता. त्यासाठी त्याला मेनलूप मोकळा हवा, आणि मेनलूप तर जॉइनमध्ये थ्रेडसाठी थांबलेला. दोघेही कायमचे अडकले, विंडोजने वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिलं. म्हणून थ्रेडने आकडा फक्त क्यूमध्ये (रांगेत) टाकायचा, विंडोने ‘आफ्टर’ने (ठरल्या वेळाने फंक्शन चालवणाऱ्या टीकिंटरच्या सोयीने) काढून दाखवायचा. बंद करतानाही दर 100 मिलिसेकंदांनी ‘आफ्टर’नेच विचारायचं : थ्रेड जिवंत आहे का? नसेल तर राहिलेले आफ्टर रद्द करून मगच ‘डिस्ट्रॉय’ने विंडो मोडायची. हे एका ओळीत बसत नाही, म्हणून लेक्चर लागलं.

एकट्या टीकिंटरचं हे दुखणं नाही. जावात थ्रेड बाहेरून थांबवायची ‘स्टॉप’ मेथड होती. 1998 च्या 1.2 आवृत्तीपासूनच ती वापरू नका म्हणून सांगितलं जात होतं, आणि 2023 च्या जावा 20 पासून ती थेट एरर देऊ लागली. क्यूटी या विंडो बनवायच्या दुसऱ्या लायब्ररीत चालू थ्रेडचा ऑब्जेक्ट मोडला तर प्रोग्रॅमच कोसळतो. थ्रेडला सांगायचं, आणि तो स्वतः थांबेपर्यंत थांबायचं, असंच सगळीकडे करावं लागतं.

तरीही वीज गेली किंवा कोणी टास्क मॅनेजरमधून एंड टास्क केलं, तर यातलं काहीच चालत नाही, फायनलीसुद्धा. म्हणून अर्डुइनोच्या कोडमध्येही तपासणी हवी : दोन-तीन सेकंद संगणकाकडून हुकूम आला नाही तर रिले आपणहून बंद. प्रोजेक्टच्या शेऱ्याखाली हे पेनने लिहिलं होतं, रिव्ह्यूत ते आलेलं नाही.

फी परत मिळणार नाही. पण प्रोजेक्ट पुन्हा दाखवायला वेगळी फी नाही, आणि नीट बंद झाला तर शेरा बदलून नवीन सर्टिफिकेट देऊ. शनिवारी संध्याकाळी लॅब उघडी असते. येताना बोर्ड, रिले आणि लॅपटॉप तिन्ही आणा. डेमोला खऱ्या हीटरऐवजी बल्ब चालेल.