गळ्यातलं कार्ड वाचता येतंय

सर्वांना सलाम. आज दुपारी आपल्या चर्चच्या मंडळीच्या पेजवर व्हीबीएसच्या, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, समारोपाचं रील आलं. गाणं छान, मुलं गोड. पण प्रत्येक लेकराच्या गळ्यात कार्ड आहे, आणि त्यावर नाव, इयत्ता, वडिलांचा मोबाईल नंबर. व्हिडिओ थांबवला की स्वच्छ वाचता येतं. मी थांबवून वाचलं. ते नंबर आम्ही लिहिले होते ते मूल भायखळ्याच्या गर्दीत चुकलंच तर कुणीतरी फोन करावा म्हणून!

बारा वर्षं मी संडे स्कूल घेते. जुन्यांना आठवत असेल, नाताळच्या नाटिकेत माझी भाची देवदूत झाली होती. फोटो नावासकट पेजवर गेला, खाली 'तालीम दर शनिवारी ४ वाजता, हॉलमध्ये'. पुढच्याच शनिवारी गेटवर एक अनोळखी माणूस. तिला नावाने हाक मारून म्हणाला, "पप्पांनी पाठवलंय, चल." पप्पा तेव्हा ऑफिसात. वॉचमनकाकांनी हटकलं म्हणून तो सटकला. आठ वर्षांची होती ती. मी आत कापसाचे पंख शिवत बसले होते, वीस पावलांवर.

तेव्हा जे ऐकलं तेच आज कमिटीतल्या एकांनी फोनवर ऐकवलं: "आपल्या मंडळीत वाईट कोण आहे?" अहो, पेज पब्लिक आहे! आणि मंडळीत तरी कुणाच्या मनात काय आहे हे बाकावर बसलेलं पाहून कळतं का? एखादी आई मार खाऊन, मुलांना घेऊन घराबाहेर पडलेली असते. मागे बॅनरवर चर्चचं नाव, पुढे तिचं मूल. शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी आईबापाची संमती मागितलीय. पण मला कायदा दाखवून भांडायचं नाही. सहलीला नेताना आपण पालकांची सही घेतो, मग फोटोला का नाही?

२०२० मध्ये उपासना लाईव्ह झाली म्हणून अंथरुणावरच्या माझ्या आईला रविवार मिळाला, हे मान्य. ती अजून बघते. तर कॅमेरा पुलपिटकडे, म्हणजे उपदेश देतात त्या जागेकडे, ठेवा. मुलं गाताना मागून घ्या, त्यांनी काढलेली चित्रं दाखवा. नाव नको, तालमीची वेळ तर मुळीच नको. आणि फोटो टाकायचेच तर मुलं घरी पोचल्यावर टाका.

हे लिहिता लिहिता रील करणाऱ्या मुलाचा फोन आला. माझ्याच वर्गात शिकलेला. रात्री दोनपर्यंत जागून केलं होतं बिचाऱ्याने, आणि सकाळपासून कामावर असलेल्या त्या पोराला मी मेसेजवर फार कडक बोलले. "टीचर, काढलं रील. कार्डाकडे माझं लक्षच नव्हतं," म्हणाला. आवाज बसला होता. त्याला कुणी काही बोलू नका. त्याला हे आधी शिकवायला हवं होतं ते आम्ही मोठ्यांनी, त्या शनिवारनंतर तरी. भाचीचं प्रकरण आम्ही कमिटीच्या खोलीत मिटवलं, मंडळीला सांगितलंच नाही. मीही गप्प बसले.

ज्यांनी ते रील स्टेटसला ठेवलंय त्यांनी आत्ता काढा. रविवारी उपासनेनंतर पालकांनी हॉलमध्ये दहा मिनिटं थांबा, संमतीचा कागद मी लिहून आणतेय. 'नाही' लिहायचं असेल तर बेलाशक लिहा, का ते कुणी विचारणार नाही.