रामदास बोट आणि ‘भारताचं टायटॅनिक’ हा मेसेज

आषाढ अमावस्या जवळ आली की आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडच्या गावगावच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. सार असं: 17 जुलै 1947 ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट हे भारताचं टायटॅनिक होतं, ‘क्वीन एलिझाबेथ’ बांधणाऱ्या स्वान हंटर कंपनीनेच ती बांधली होती, गटारीच्या नादात लोकांनी ती खच्चून भरली, लाट आली तसे सगळे एका बाजूला धावले आणि बोट उलटली, संतांची नावं दिलेल्या या बोटींना शापच होता, आणि सरकारने सगळं दडपलं. मुंबईचा समुद्र आमच्यापासून हजारेक किलोमीटर दूर. तरी मी उत्तर लिहायला बसले, कारण आम्ही वैनगंगेच्या काठावरची माणसं आहोत आणि बुडालेल्यांनाच दोष द्यायची ही रीत आमच्याही घाटावर चालते.

आधी टायटॅनिकचं. टायटॅनिक 882 फूट लांब, अटलांटिक ओलांडायला बांधलेलं जहाज. रामदास 179 फूट लांब आणि 29 फूट रुंद. कोकणच्या बंदरांना टेकत जाणारी, बाजारहाट करणाऱ्यांची, गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची ही आगबोट. आपल्याकडे तालुक्याला जाणाऱ्या एसटीचं जे काम, तेच तिचं. टायटॅनिकवर दीड हजाराच्या आसपास माणसं गेली, रामदासवर सहाशेच्या वर. त्या सहाशेंचं दुःख मोठं वाटावं म्हणून दुसऱ्या जहाजाचं नाव उसनं घ्यायची गरज नाही.

तुलना करायचीच असेल तर एका ठिकाणी करा, वायरलेसपाशी. टायटॅनिकवर बिनतारी यंत्र होतं, म्हणून हाक गेली, ‘कार्पेथिया’ हे जहाज धावून आलं आणि सातशेवर लोक वाचले. रामदासवर बिनतारी यंत्रच नव्हतं. सकाळी आठच्या सुमारास धक्का सोडलेली बोट तासाभराच्या आत, मुंबईपासून नऊ-दहा मैलांवर काशाच्या खडकाजवळ उलटली, आणि मुंबईला त्याची खबर लागेपर्यंत दुपार उलटून गेली होती. तेवढ्या वेळात माणसं वाचवली ती रेवसकडच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन निघालेल्या होडीवाल्यांनी मासळी पाण्यात टाकली आणि माणसं आत ओढली. मेसेजमध्ये ना वायरलेसबद्दल एक ओळ आहे, ना त्या कोळ्यांबद्दल. मला राग येतो तो याचाच.

क्वीन एलिझाबेथची गोष्ट तर साफ खोटी. ते जहाज स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत बांधलं गेलं आणि 1938 साली पाण्यात उतरलं. स्वान हंटरची गोदी इंग्लंडमध्ये, टाइन नदीवर. योगायोग असा की टायटॅनिकच्या लोकांना वाचवणारी कार्पेथिया याच स्वान हंटरने बांधली होती. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं शोधलं असतं तर त्याला खरी आणि जास्त चांगली गोष्ट मिळाली असती.

आता गटारी. त्या दिवशी गुरुवार होता आणि आषाढ अमावस्या होती, एवढं खरं. पण सकाळी आठच्या बोटीला रांग लावणारी सातशे माणसं दारूच्या नादात निघाली होती, हे कोणी कुठे पाहिलं? पावसाळ्यात सणाला घरी निघालेली माणसं होती ती. आमच्याकडे हीच जिवतीची अमावस्या. लेकराबाळांना सांभाळ म्हणून भिंतीवर जिवतीचा कागद लावून पूजा करतात. त्याच दिवशी पोरंबाळं घेऊन निघालेल्या, बुडालेल्या लोकांना बेवडे ठरवणं हा त्यांचा अपमान आहे. अमावस्येचा खरा संबंध भरतीशी आहे. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, उधाण येतं, आणि त्यात आषाढातला वारा. हे किनाऱ्यावरचा कोणीही कोळी सांगेल.

‘खच्चून भरली’ हेही टिकत नाही. बोटीची क्षमता हजाराच्या घरातली सांगतात, आणि त्या दिवशी खलाशी धरून साडेसातशेच्या आसपास माणसं होती. म्हणजे हिशेबात बोट भरलेलीसुद्धा नव्हती, आणि तरी उलटली.

उरतो सगळ्यात मोठा आरोप: लोक एका बाजूला धावले. यावर थोडं थांबून बोलू. डोंग्यात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की डोंगा कलायला लागला की आपण कुठे ‘धावत’ नाही, आपण घसरतो. आधी मांडीवरचा डबा जातो, मग शेजारची बाई आपल्या अंगावर येते, आणि आपला हात जे सापडेल ते धरतो. नावाडी ‘खाली बसा, हालू नका’ म्हणून ओरडतो तो याचसाठी. आता हे मोठ्या बोटीवर धरा. माणशी पंचावन्न किलो म्हटलं तरी साडेसातशे माणसं म्हणजे चाळीस टनांहून जास्त वजन, तेही बरंचसं वरच्या भागात आणि कुठेही न बांधलेलं. एका बाजूने पाऊस आणि लाटेचा मारा आला की माणूस आडोशाला सरकणारच. बोट कलली की ते सरकणं वाढतं आणि त्याने बोट आणखी कलते. म्हणून प्रवासी जागचे हलतील हे धरूनच बोट बांधायची आणि हाकायची असते. भर आषाढात ती सोडायची की नाही, हे प्रवासी ठरवत नव्हते.

शापाबद्दल एवढंच. 11 नोव्हेंबर 1927 ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, हे खरं. एकाच किनाऱ्यावर, एकाच वादळात दोन बोटी सापडल्या, यात गूढ काय? बोटी चालवणारी कंपनी देशी माणसांची होती, म्हणून तिने संतांची नावं दिली. नावाने लाट अडत नाही आणि येतही नाही.

आणि दडपणुकीचं म्हणाल, तर अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, 18 जुलैला, भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर लंडनमध्ये राजाची संमती उमटली. त्या धामधुमीत ही बातमी मागे पडली. मागे पडणं वेगळं आणि दडपणं वेगळं. चौकशी झाली, बोटींवर वायरलेस सक्तीचं झालं, पावसाळ्यात या फेऱ्यांवर बंदी आली. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

समुद्रावर नियम आला, आमच्या नदीघाटांवर तो अजून दिसत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटून अकरा जण गेले. जानेवारी 2024 मध्ये आमच्याच तालुक्यात, गणपूरच्या घाटावर, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा बायका वैनगंगेत बुडाल्या. पुढच्या अमावस्येला हा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या घाटावरच्या डोंग्यात लाइफ जॅकेट किती आहेत आणि पूर असताना डोंगा सोडायचा नाही हे कोण ठरवतं.