जुलैची रोपे आणि मे महिन्याची सुट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी चालवत असलेल्या पर्यावरणविषयक कामांवर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात आणि त्यावर परखड मत कळवलेत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. दरवर्षी जुलैमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावून छायाचित्रे काढली जातात आणि मार्चपर्यंत ती वाळतात, हा पहिला. मुले तीन वर्षांत निघून जातात, त्यामुळे कोणतेही काम टिकत नाही, हा दुसरा. नाशिकच्या नासर्डी नदीचा शहराच्या डोळ्यांदेखत नाला झालेला असताना एका आवारातल्या पालापाचोळ्याची काय मातब्बरी, हा तिसरा. मुलांनी त्यापेक्षा अभ्यास करावा, असेही आपण शेवटी म्हटले आहे.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य करताना वाईट वाटते, कारण त्या छायाचित्रांपैकी काहींमध्ये मीही उभा आहे. परंतु मुलांचा उत्साह दिखाऊ असतो म्हणून रोपे मरतात, हा आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. गेली काही वर्षे विद्यार्थ्यांच्या या गटाबरोबर काम केल्यावर मला दिसले ते असे, की झाडाचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष एकमेकांच्या नेमके उलट चालते. जून-जुलैमध्ये वर्ग भरतात, नवी मुले येतात, पाऊस असतो, खड्डे भुसभुशीत असतात, त्यामुळे लागवड सहज होते. नाशिकचा पाऊस ऑक्टोबरमध्ये आटोपतो. आमच्या आवारात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे पाणी धरून ठेवायला जमिनीत फारसे काही नसते आणि फेब्रुवारीपासून रोपाला बाहेरच्या पाण्याची गरज भासू लागते. त्याच सुमारास मुलांच्या अंतर्गत चाचण्या, मग परीक्षा सुरू होतात, आणि मे महिन्यात, म्हणजे रोपाला पाण्याची सर्वांत अधिक निकड असते तेव्हा, वसतिगृह रिकामे असते. पाच जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, सगळे पुन्हा जमतात तेव्हा आळ्यात एक वाळकी काडी उरलेली असते. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ मध्ये देवराई उभारायला घेतली, तीही लागवडीच्या दिवशी जमलेल्या गर्दीमुळे उभी राहिलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यांत जे लोक पाणी घालायला डोंगर चढत राहिले, त्यांच्यामुळे ती उभी आहे.

पालापाचोळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याला तो विषय किरकोळ वाटला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातले पर्जन्यवृक्ष आणि कडुनिंब पाने गाळतात. पूर्वी रोज सकाळी त्यांचे ढीग करून ते पेटवले जात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. हा आदेश मुलांनी छापून भिंतीवर लावला, तरी धूर थांबला नाही. तो थांबला गटातल्या दोन मुली झाडलोट करणाऱ्या मावशींबरोबर पहाटे साडेसहाला आठवडाभर उभ्या राहिल्या तेव्हा. मावशींनी सांगितले की कचऱ्याची गाडी मागच्या इमारतींपर्यंत येत नाही, आणि ढीग दिसला की त्यांनाच बोलणी बसतात. म्हणून त्या काडी लावत होत्या. मग मुलांनी मागच्या बाजूला पाने कुजवून खत करण्यासाठी जाळीचे उभे पिंजरे केले आणि पाने टाकायची जागा मावशींच्या वाटेवरच आणून ठेवली.

पहिला पिंजरा फसला. त्यात कॅन्टीनमधला ओला कचरा भरमसाट पडला, वास सुटला आणि माश्या झाल्या, त्यामुळे तक्रारी आल्या. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात, हे वर्गात मीच शिकवले होते; पण वाळक्या पानात कर्ब अधिक आणि भाजीच्या देठांत नत्र अधिक, म्हणून थर कसे द्यायचे, हे मुले त्या दुर्गंधीतून शिकली. दुसऱ्या वेळी पानांचा जाड थर, त्यावर भाजीपाल्याचा पातळ थर आणि वरून शेणकाला, असे रचत नेले. पाचव्या-सहाव्या दिवशी एका मुलीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा झटकन बाहेर काढला. आतून वाफ येत होती. चांगला लागलेला ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, हे वाक्य तिला आता पाठ करावे लागणार नाही. अभ्यास करावा या आपल्या सूचनेला माझे एवढेच उत्तर आहे. पर्यावरणाचा विषय सर्व शाखांना सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले होते. त्यातले क्षेत्रकार्य मागच्या वर्षीच्या फाइलीवरून उतरवून काढण्याऐवजी मुले असे करत असतील, तर तो अभ्यासच आहे.

आता दुसरा आक्षेप. मुले जाणार, हे खरेच आहे. ती जाण्यासाठीच येतात. त्यामुळे काम टिकवण्याची जबाबदारी त्यांच्या अंगावर टाकून आपण सगळे मोकळे होतो, हे मला अन्यायाचे वाटते. करंजाची एक अख्खी ओळ दोन उन्हाळे जगल्यानंतर एका एप्रिलमध्ये नव्या जलवाहिनीसाठी चर खणताना उखडली गेली. चर खणणाऱ्याला दोष कसा द्यावा? आवाराच्या नकाशावर ती रोपे कुठेच नव्हती. त्या दिवशी रडलेली मुले आज नोकरीला लागली आहेत, पण त्यांनी जाण्याआधी एक नोंदवही केली. तीत प्रत्येक रोपाचा क्रमांक, जागा, जात, लागवडीचा महिना आणि पाणी घालणाऱ्याचे नाव आहे, आणि ती अंतिम वर्षाच्या नव्हे, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असते. माळीकाकांच्या रोजच्या कामाच्या तक्त्यात १५ फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत या ओळींना पाणी घालणे हे काम लेखी यावे, यासाठी मुलांना एक पूर्ण सत्र पाठपुरावा करावा लागला. माझ्या मते, लावलेल्या कोणत्याही रोपापेक्षा तक्त्यातली ती एक ओळ मोलाची आहे. मुलांना फुकटचे सफाई कामगार म्हणून वापरणे मला कधीच मान्य होणार नाही. त्यांनी मोजावे, प्रयोग करावा, चुकावे, आणि जे जमले ते संस्थेच्या पगारी व्यवस्थेत बसवून घ्यावे.

नासर्डीबाबत आपली तळमळ मी समजू शकतो. सातपूर-अंबडकडून येणारे आणि वस्त्यांमधले जे काही पाणी ती टाकळीला गोदावरीत नेऊन सोडते, त्याच्यापुढे आमचे पिंजरे क्षुल्लकच आहेत. तरीही २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संस्थांवर तो वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. मेसचा कचरा सलग आठवडाभर काट्यावर तोलल्यानंतरच आम्हाला कळले की आपण त्या संस्थांमध्ये मोडतो. ज्या मुलांनी स्वतःच्या ताटातले उष्टे तोलले आहे, ती उद्या नदीच्या प्रश्नावर विभागीय कार्यालयात गेली, तर हातात आकडे घेऊन जातील. स्वतःचे आवार न मोजता नदीवर घोषणा देणारे गटही मी पाहिले आहेत, आणि त्यांचे फार काळ काही चाललेले नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती आपण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहात म्हणून. मे महिन्याच्या सुट्टीवर मुलांनी एक उपाय शोधला आहे. दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या बदलल्या, तेव्हा जुन्या नळ्या त्याने आवारात आणल्या. क्षारांनी बुजलेली छिद्रे मुलांनी आम्लाच्या पाण्याने साफ केली, आळ्यांवर पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घातले आणि एका टाकीतून पाणी सोडले. पहिल्या रोपांना ते छान मिळते, ओळीच्या टोकाच्या रोपांपर्यंत मात्र पोहोचत नाही. ठिबकला दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे १० मीटर उंचीवरचे पाणी, आणि आमची टाकी दीड मीटरच्या ओट्यावर आहे. पंप बसवायचा म्हटले तर सुट्टीत तो रोज चालू-बंद कोण करणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ओळी तोडून लहान कराव्यात, नळीचा व्यास वाढवावा की जमिनीच्या उताराचा उपयोग करून टाकीच हलवावी, यावर मुलांचे एकमत होत नाही आणि माझे ज्ञान इथे तोकडे पडते. आपण एखाद्या शनिवारी सकाळी आलात, तर दुसऱ्या वर्षाची मुले नोंदवही आणि मोजपट्टी घेऊन टाकीपाशी थांबतील.

आपला स्नेहांकित.