बर्ली, बर्ली!

गणपतीत आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. आरती झाली की वीज जाते आणि वीज गेली की पत्ते निघतात. डाव तीन पत्तीचा. पैसे लावायचे नाहीत, हा आईचा हुकूम; म्हणून माणशी पन्नास चिंचोके. चिंचोके हरून आजवर कुणाचं घरदार गेलेलं नाही. अब्रू मात्र दरवर्षी जाते.

यंदा बेंगळुरात नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, तीन पत्ती काय खेळताय? पोकर खेळूया." त्यानं टेक्सास होल्डेम समजावलं. प्रत्येकाच्या हातात दोनच पानं. सतरंजीवर पाच पानं सगळ्यांची मिळून, आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून चांगली पाच धरायची. काकी म्हणाल्या, "सामाईक विहिरीसारखं आहे की हे." एवढं नेमकं भाच्यालाही सांगता आलं नव्हतं.

मग त्यानं मला पडवीत नेऊन गुरुमंत्र दिला: पानं नाही, माणसं वाचायची. कोण किती डाव खेळतो, आणि खेळलाच तर चिंचोके चढवतो की समोरच्याइतकेच घालून नुसती बरोबरी करतो, एवढं बघायचं. चिकट्या माणूस चढवायला लागला की पानं टाकून पळायचं. उधळ्याला उधळू द्यायचं आणि चांगली पानं घेऊन दबा धरायचा. आणि 'कॉलिंग स्टेशन'ला कधी थाप मारायची नाही. मिरज-लोंढा मार्गावर असलं स्टेशन मी तरी ऐकलं नव्हतं. "पानं टाकतच नाही, दरवेळी तेवढेच चिंचोके घालून बघत राहतो, तो," भाचा म्हणाला.

म्हणजे काकी. तरी मी सत्ती-दुर्रीवर त्यांना थाप मारून बघितलीच. वीस चिंचोके सरकवले, कपाळाला आठी घातली. "एवढं घातलंय, आता बघूया की," म्हणत काकींनी तिर्रीच्या जोडीवर डाव नेला. थाप चालायला समोरच्यानं आधी घाबरावं लागतं. काकी न्हाणीत साप निघाला तरी तो कुठल्या जातीचा हे बघायला वाकतात.

वहिनी चिकट्या. तासाभरात दोनच डाव खेळली. त्यातल्या एकात तिनं चढवलं, तेव्हा मी राजांची जोडी टाकून शिस्तीत पळालो. "काय होतं गं तुझ्याकडं?" "तुम्हाला कशाला, भाऊजी?" दाखवायची सक्ती नसते म्हणे. ती पानं काय होती, या विचारानं माझी पुढची रात्रही गेली.

काका मात्र उघडं पुस्तक. ते उधळे आहेत हे भाच्यानं सांगितलं. त्यापुढचा शोध माझा स्वतःचा. चांगली पानं आली की काका मराठीतसुद्धा बोलत नाहीत, तंबाखू मळतात. हातात काही नसलं की कन्नड सुरू! "बर्ली, बर्ली," म्हणजे येऊ दे, येऊ दे. तीनदा पडताळलं, तीनदा खरं ठरलं. आमच्या भागात माणसं भाषा बदलतात ती बाजारात, कचेरीत. काका बदलत होते ते थापा मारायला.

एकदा एक्क्यांची जोडी आली. मी चष्मा पुसला, पाच चिंचोके ठेवले, आणि सगळ्यांनी, अगदी काकींनीसुद्धा, पानं टाकली. योगायोग म्हणून सोडून दिलं.

मग तो डाव. माझ्या हातात अठ्ठी आणि नव्वी. सतरंजीवर बदाम सत्ती, बदाम दश्शी, इस्पिक राजा. चौथा पडला चौकट गुलाम. सात ते गुलाम, सिक्वेन्स! कंदिलाच्या उजेडात चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पाचवी बदाम दुर्री. काकी बाहेर, वहिनी बाहेर, भाचा बाहेर. आणि काका म्हणाले, "बर्ली, बर्ली!"

मी सगळे चौसष्ट चिंचोके लोटले. काकांनी बदाम राणी आणि बदाम चव्वी ठेवली. सतरंजीवरचे तीन धरून पाच बदाम.

"कलर!" मी ओरडलो. "सिक्वेन्स मोठा! आणा इकडं."

"मामा, ते तीन पत्तीत," भाचा म्हणाला. तीन पानांत नुसता कलर १,०९६ तऱ्हांनी जुळतो, सिक्वेन्स ७२०. पाच पानांत सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठं. मी विचारलं, मग तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स, म्हणजे सिक्वेन्स आणि कलर एकदम, ४८ आणि ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे असं, ५२, तरी ट्रेल मोठं कसं? त्याला उत्तर आलं नाही. चिंचोके मात्र काकांकडंच राहिले.

"काका, खरं तुम्ही कन्नडात बोललात की!"

"मग? समोरचे मास्तर दारात छत्री घेऊन उभे हुते. आत येऊ का म्हणून विचारत हुते. त्यांना काय मराठीत सांगू?"

मास्तर खरंच माझ्या पाठीमागं छत्री झटकत होते.

"आणि तू रे," काकी चिंचोके मोजत म्हणाल्या, "पान चांगलं आलं की चष्मा पुसतोस. लहानपणी चष्मा नव्हता, तवा नाक पुसायचास."

काकांनी दहा चिंचोके उसने दिले. पुढच्या डावाला मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पानं उचलली. बदाम की चौकट, तेच दिसेना.

"बर्ली," मी म्हणालो.