एनआरव्हीच्या भरवशावर संप काठोकाठ भरणाऱ्यांनो

घरी मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘मोठा टँक, संप आणि बाहेरचा पंप : निम्म्या खर्चात’. खाली सही कुणाची नाही, नुसतं ‘अनुभवातून’. मी तो पाहून सोडून दिला होता. पण परवा धाकट्या दिराने नाशिकहून तोच मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘वहिनी, इलेक्ट्रिशियन आलाय, यात लिहिलंय तशी वायर काढून घेऊ ना?’ मग सोडून कसं देणार? त्याला फोनवर घाईघाईत जे सांगितलं, तेच इथे नीट लिहिते. त्या मेसेजला भुललेला तो एकटाच नसणार.

दिराचा टँक सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच आहे. खाली तीन बाय दीड बाय दीड फुटांचा संप, म्हणजे टँकखालची पाण्याची टाकी. टँकच्या वरच्या कडेच्या दातांवरून, म्हणजे ओव्हरफ्लोवरून, पाणी ड्रेनच्या पाइपने संपात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपने पुन्हा वर टँकमध्ये सोडतो. गोडं पाणी, ऑस्कर मासे पाळायचेत. पुढचे सगळे हिशेब याच मापांवर.

आधी वायरीचं, कारण बाकीच्या चुकांनी फरशी भिजेल, हिने माणूस जाईल. आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा घरातला स्विच. मेसेज म्हणतो : ‘टँकचं कनेक्शन आरसीसीबीच्या आधीच्या लाइनवरून घ्या. आरसीसीबी उगाच ट्रिप होतो, पंप बंद पडतो, मासे मरतात. पाण्यात हात घालताना पायात रबरी चप्पल घातली की पुरे.’

चप्पल! २३० व्होल्टचा पंप, पाण्यात बुडालेला हीटर, वर दिवे, खाली लोखंडी अँगलचा स्टँड, आणि या सगळ्यावर उपाय काय तर चप्पल. एक हात पाण्यात आणि दुसरा आधाराला स्टँडवर, टँक साफ करताना सगळे असेच उभे असतात. हीटरची नळी तडकली असेल तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने स्टँडमध्ये उतरेल. पायात काय आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ‘एमसीबी आहे की’ असंही काहीजण म्हणतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या भागाइतका करंटही खूप झाला, आणि तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडतो. ही मर्यादा मी मनाने सांगत नाहीये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर असंच लिहिलंय. त्यापुढे ‘अनुभवातून’ या सहीची काय किंमत?

आता यातलं अर्धं खरं, नाइलाजाने का होईना, मान्य करते. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर गीझरच्या गळतीने टँकही बंद पडतो, आणि त्या वेळी घरचे गावाला गेले असतील तर मासे खरंच जातात. पण त्यावर उपाय टँकचं संरक्षणच काढून टाकणं हा नव्हे. टँकसाठी ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत) बसवा, म्हणजे गीझरचं भांडण गीझरपाशी राहील. शिवाय बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर चालणारा एक छोटा एअर पंप ठेवा. आणि टँकचाच आरसीसीबी पुन्हापुन्हा पडत असेल तर तो उगाच पडत नाहीये. एकेक प्लग काढत जा, बहुतेक वेळा हीटर किंवा पंपाची केबल सापडते. अर्थिंगही तपासून घ्या. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण मग गळती कुणाच्या तरी अंगातून गेल्यावरच त्याला कळते. अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. केबल सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकेल.

दिराने इलेक्ट्रिशियनला वेगळा आरसीबीओ आणायला पाठवलंय.

दुसरा मुद्दा एनआरव्हीचा, म्हणजे पाइपातलं पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेचा. तो मेसेजमध्ये अगदी ठळक अक्षरांत आहे : ‘रिटर्न पाइपला एनआरव्ही लावा. मग रिटर्नचं तोंड तळाशी नेलं तरी चालतं आणि संप काठोकाठ भरता येतो. जास्त पाणी, स्वच्छ पाणी.’

सहा बाय दोन म्हणजे बारा चौरस फूट. टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, २८.३ लिटर. रिटर्नचं तोंड तळापासून चार इंचांवर आहे आणि पाणी बावीस इंचांवर, असं धरू. लाइट गेली, पंप थांबला, की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टँक उपसतो. अठरा इंच, म्हणजे पाचशे लिटरच्या वर. दिराचा संप रिकामा असला तरी त्यात १९१ लिटरच मावतं. उरलेलं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं.

‘पण एनआरव्ही आहे ना!’ एनआरव्ही म्हणजे एक झडप. तिच्यात शेवाळ अडकतं, वाळूचा कण बसतो, गोगलगायीचं पिल्लू शिरतं. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा थर चढतो आणि झडप पूर्ण मिटतच नाही. नवी असताना छान चालते, म्हणून तर फोटो टाकणारे खूश असतात. बरं, एनआरव्ही आयुष्यभर चोख चालला असं समजू. तरी तो बसलाय रिटर्नवर. ओव्हरफ्लोचं काय? पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या दातांच्या वर पाऊण-एक इंच चढलेलं असतं. पंप थांबला की तेवढं पाणी ड्रेनने खाली येणारच, ते कुठलाही एनआरव्ही अडवत नाही, आणि अडवूही नये. म्हणजे वीस-पंचवीस लिटर, शिवाय पाइपांतलं वेगळं. संप काठोकाठ असेल तर झडप धड असूनही हे पाणी थेट फरशीवर.

करायचं ते साधं आहे. रिटर्नचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीखाली अर्धा इंच ठेवा, त्याहून खोल नको. मग लाइट गेल्यावर टँकची पातळी जेमतेम दीड इंच उतरेल. ते दीड घनफूट पाणी साडेचार चौरस फुटांच्या संपात चार इंच चढेल. पाइपांतलं धरून सहा इंच जागा कायम मोकळी सोडा. पंप बंद करून पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा, तिथून मागे मोजत चालू पातळीची रेघ मार्करने संपाच्या काचेवर मारा. रोजची भर त्या रेघेपर्यंतच. पाइपला पाण्याच्या पातळीशी भोक पाडून सायफन तोडायची युक्तीही आहे, पण ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. एनआरव्ही हौसेने लावायचा तर लावा, हिशेब मात्र तो नाहीच असं धरून करा.

‘ड्रेनला एकच पाइप ठेवा, त्यावर व्हॉल्व्ह लावून पंपाशी फ्लो जुळवा, आवाज बंद.’ आवाज बंद होतो, खोटं नाही. पूर्ण भरून वाहणारा पाइप गुळगुळत नाही. पण वरचा आणि खालचा प्रवाह तंतोतंत सारखा राहतच नाही. पंपात जरा कचरा आला, टँकमध्ये एक पान सुटलं, की तोल गेला. ड्रेन जास्त ओढायला लागला तर हवा घेऊन घुरघुरतो, कमी ओढायला लागला तर टँक भरत जातो, आणि दुसरी वाट ठेवलेली नाही.

यावर ‘बीनॲनिमल’ या टोपणनावाने एका हौशी माणसाने मांडलेली तीन पाइपांची रचना जगभर वापरात आहे, आणि ती समजून घेतली तर या मेसेजची गरजच उरत नाही. पहिला पाइप पूर्ण सायफन, म्हणजे हवा न घेता पूर्ण भरून वाहणारा, त्यावर व्हॉल्व्ह. दुसरा उघडा, त्यातून थोडंसंच पाणी, बाकी हवा. त्याच्या डोक्याला हवेची एक बारीक नळी असते, तिचं तोंड पाण्याच्या जरा वर. पहिला तुंबला की पातळी चढते, ती नळी बुडते, हवा बंद होते आणि दुसरा पाइप आपोआप सायफन होऊन सगळा भार उचलतो. तिसरा कोरडाच, दोन्ही हरले तर. प्रवाहातला रोजचा फरक दुसरा पाइप गिळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह रोज पिळत बसावं लागत नाही. सायफनचं खालचं टोक संपाच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त खोल गेलं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. मासे सोडायच्या आधी पहिला पाइप हाताने बंद करून बघा, मग दुसराही.

शेवटचा बांध संपाच्या पंपवाल्या कप्प्याचा. तो कप्पा एक बाय दीड फुटाचा आणि त्यात आठ इंच पाणी असेल, तर सगळे ड्रेन तुंबले तरी पंप जास्तीत जास्त एक घनफूट वर नेईल, म्हणजे टँकमध्ये एक इंच. पाण्याच्या वर दोन इंच काच मोकळी ठेवली की भागलं. संप काठोकाठ भरणाऱ्याचा हा बांधही गेला.

आता पंप. ‘इंपोर्टेड पंप कशाला, अर्ध्या एचपीचा टुल्लू लावा.’ अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. चोवीस तास चालवला तर दिवसाला जवळपास नऊ युनिट, महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास. असा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत) गच्चीवरची टाकी भरायला असतो, दिवसभर न थांबता दीड-दोन मीटर पाणी चढवायला नव्हे. बऱ्याच मोनोब्लॉकची बॉडी बिडाची, आत पितळी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक. गंज एक वेळ सोसेल, पण पितळातलं तांबं कोळंबीला आणि गोगलगायींना मारतं, आणि खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये प्रवाळालाही.

‘टँकच्या दहापट फ्लोचा पंप घ्या’ : खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती उरतो ते पंपाच्या आलेखात बघा आणि एल्बोंचा, म्हणजे पाइपच्या वळणांचा, तोटा वजा करा. ऑस्करला दहापट लागतही नाही.

‘पंप भिजू नये म्हणून उंचावर बसवा, फ्लो कमी करायला सक्शनचा व्हॉल्व्ह पिळा.’ दोन्ही उलटं. टँकसाठीचे बाहेरचे पंप बहुतेक स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, संपाच्या पाण्याच्या पातळीखालीच बसवावे लागतात. सक्शन आवळलं तर आत वाफेचे बुडबुडे होऊन पंप खडखडतो आणि इंपेलर खराब होतो. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडाइतका किंवा मोठा, आखूड आणि सरळ हवा. फ्लो कमी करायचा तो पंपाच्या पुढच्या व्हॉल्व्हने. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा सांधा) लावा, नाहीतर साफ करायला पाइप कापावा लागेल.

‘बाहेरच्या पंपाने पाणी तापत नाही.’ हे बरंचसं खरं आहे, मोटरची बरीच उष्णता हवेत जाते. पंपाने पाण्याला दिलेला जोर मात्र शेवटी उष्णताच होतो, आणि मे महिन्यात बंद कपाटात ठेवलात तर पंपच तापेल. कपाटाला जाळी ठेवा.

उरलं ते ‘कुठल्याही काचेला डायमंड बिटने भोक पडतं’ आणि ‘टँक निपलला भरपूर सिलिकॉन लावा’. टँक निपल म्हणजे काचेच्या भोकात बसणारा पाइपचा सांधा. टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला भोक पाडायला गेलात तर तिचे खडे होतील, आणि पुष्कळ टँकचा तळ टफनचा असतो, म्हणून दुकानदाराला आधी विचारा. सिलिकॉन पीव्हीसीला धड चिकटत नाही, शिवाय त्यावर रबरी वॉशर घसरतं. वॉशर कोरडंच, पाण्याच्या बाजूला, आणि नट हाताने आवळून वर पाव फेरा. पान्याने त्याहून जास्त पिळलात तर काच जाईल.