खुलासा: तारीख मागे गेली म्हणजे व्हायरस नव्हे

‘कॉम्प्युटर सुरू करताना एफ-१ दाबायला सांगतो, तारीख काही वर्षं मागे जाते, बँकेची साइट असुरक्षित दाखवतो, म्हणजे व्हायरस शिरलाय, ताबडतोब फॉरमॅट मारा’ असा मेसेज फिरतोय. कृपा करून मारू नका. फोटो जातील आणि दुखणं तसंच राहील.

ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सेल संपलेला असतो. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा, वर ‘सीआर २०३२’ लिहिलेला. प्लग काढलेला असताना घड्याळ तोच चालवतो. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मागे पडलेल्या घड्याळाच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर अडवतो. बिचारा आपलं कामच करतोय!

प्लग काढून सेल बदला, मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तारीख-वेळ भरा. बूट ऑर्डरही (कॉम्प्युटर आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचा तो क्रम) बघून घ्या, ती बदललेली असू शकते. लॅपटॉप मात्र सवय नसेल तर घरी उघडू नये.

तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं पासवर्ड टाकू नका.